रात्री कुत्र्यांबरोबर बॉबकॅटमागे : आमंत्रण आलंय, जाऊ का?

मुक्काम_पोस्ट_जॉर्जिया | गुरुवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दीड वर्षापूर्वी नोकरीपायी जॉर्जियाच्या पार दक्षिण टोकाला येऊन पडलो. अटलांटा चार तास लांब, फ्लोरिडाची हद्द तासाभरावर आणि मधे नुसती लावलेल्या पाइनची रानं, दलदल आणि भुईमुगाची शेतं. शेजारी म्हणजे अर्ध्या मैलावर एक आजोबा राहतात, वय सत्त्याहत्तर, पूर्वी लाकडाच्या ट्रकवर होते. त्यांच्या परसात अकरा कुत्री. लांब कानांची, पांढरी-काळी-तपकिरी, अंगावर मांस नाही पण आवाज असा की संध्याकाळी खायला घालायच्या वेळी आमच्या खिडक्या थरथरतात. पहिल्याच आठवड्यात ही म्हणाली होती घर बदलूया.

तर हे आजोबा थंडीत रात्री ही कुत्री घेऊन बॉबकॅटमागे जातात. बॉबकॅट म्हणजे इथलं आखूड शेपटीचं रानमांजर, लिंक्सच्या कुळातलं. परवा मी त्यांचा राउटर नीट करून दिला, पैसे घेतले नाहीत, तर म्हणाले मग शनिवारी रात्री चल आमच्यासोबत. ऑफिसात सांगितलं तर एक जण अक्षरशः रुसला, म्हणे दहा वर्षं ओळख आहे, मला कधी बोलावलं नाही.

मी आयुष्यात उंदराचा पिंजरासुद्धा दुसऱ्याकडून रिकामा करून घेतलाय. हिचं म्हणणं, पाप लागायचं ते लागेलच, वर सर्दी होईल ती वेगळी. जावं का? नुसतं बघायला जाणं म्हणजेसुद्धा भागीदारीच ना? आणि कोणी असं काही पाहिलंय का?

उगीचच | गुरुवार, १०:२०

राउटर दुरुस्तीची फी म्हणून मांजर. वाचून ठेवतो, पुढच्या वेळी इन्व्हॉइसमध्ये टाकता येईल.

चिंचगुळाची_आमटी | गुरुवार, १०:३१

रुमाल टाकून ठेवते. पॉपकॉर्न घेऊन येते.

मॅडिसनचा_म्हाद्या | गुरुवार, १०:५८

जा. आणि मी कारण सांगतो.

मी विस्कॉन्सिनमध्ये बावीस वर्षं आहे, माझा एक सहकारी असल्या हाउंडवाल्यांपैकी. आमच्याकडचा प्रकार जरा वेगळा. इथे बर्फ पडतं, मग ही माणसं पहाटे गाडीतून फिरत ताजे ठसे शोधतात आणि उजाडल्यावर कुत्री सोडतात. परमिट सोडतीने मिळतं, वर्षानुवर्षं अर्ज करत बसावं लागतं. तुमच्याकडे दक्षिणेत बर्फ नाही, दिवसा हवा कोरडी आणि गरम होते, वास उडून जातो, म्हणून रात्र. रात्रीचं दव पडलं की वास जमिनीला धरून राहतो. शिवाय जॉर्जियात रात्री मारायला परवानगी असलेले प्राणी मोजकेच, रॅकून, ओपोसम, कोल्हा, बॉबकॅट वगैरे. हरणामागे रात्री गेलात तर थेट कोर्ट.

ही कुत्री वासावर चालतात हे लक्षात ठेवा. डोळ्यांचा उपयोग त्यांना झाडापाशी पोचेपर्यंत जवळपास नसतोच. ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, रेडबोन, प्लॉट अशा जाती आहेत. बहुतेकांचे पूर्वज इंग्लिश फॉक्सहाउंड, फक्त प्लॉट तेवढा जर्मन वंशाचा, नॉर्थ कॅरोलिनाने १९८९ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत कुत्रा केलं. तुमच्या जॉर्जियाची स्वतःची जुलै नावाची जात आहे, एकोणिसाव्या शतकात मेरीलँडहून आणलेल्या जुलै नावाच्याच एका कुत्र्यावरून. आजोबांना त्याबद्दल विचारा, मग राउटरचं काम आयुष्यभर तुमचंच.

सातारी_तर्री | गुरुवार, ११:०४

आपला मुधोळ हाउंड घेऊन जा म्हणावं, दोन मिनिटांत मांजर तोंडात. छत्रपतींच्या सैन्यात होती म्हणतात ती कुत्री. लंडनच्या राजाला मुधोळच्या राजेसाहेबांनी जोडी भेट दिलेली.

मॅडिसनचा_म्हाद्या | गुरुवार, ११:१५

@सातारी_तर्री, भेट दिली होती हे खरं, पंचम जॉर्जला. २००५ साली पोस्टाचं तिकीटही निघालं. पण राव, मुधोळ काय किंवा आपला कारवानी काय, ही नजरेने पळणारी कुत्री. उघड्या माळावर ससा दिसला की संपला विषय. अंधारात, दलदलीत, काटेरी झुडपांत, तीन तासांपूर्वी गेलेल्या मांजराचा वास काढत जायचं म्हटलं तर मुधोळ तुमच्याकडेच बघत बसेल.

लातूरचा_लाल्या | गुरुवार, ११:२२

+१. आमच्या मामांकडे कारवानी होता. नजरेआड ससा गेला की परत येऊन मामांच्या चपलेवर बसायचा, चेहऱ्यावर भाव असे की मी नाही, तुम्हीच हरवलात ससा.

काटेसावर | शुक्रवार, सकाळी ९:४०

काल रात्री वाचलं आणि झोप उडाली. कोणी "मजा येईल जाऊन या" च्या सुरात लिहीत असेल तर थोडं थांबून विचार करा.

बॉबकॅट मोठा प्राणी नाही. सरासरी नऊ-दहा किलोचा नर, मादी त्याहून लहान. ससे, उंदीर, खारी खाऊन राहतो. पिल्लं वसंतात होतात आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत बरीचशी आईच्या मागेच असतात. म्हणजे तुम्ही डिसेंबर-जानेवारीत जी मादी झाडावर चढवता तिची पोरं शंभर मीटरवर झुडपात दबून बसलेली असू शकतात. मांजरकुळाला लांब पळायची सवय नाही, दबा धरायचा, झेप घ्यायची, संपलं. त्याला तीन तास पळवायचं आणि वर याला खेळ म्हणायचं.

मी पुण्यात असते पण जुन्नर भागात काम केलंय. ऊसतोडीच्या वेळी तिथे वाघाटीची (ठिपक्यांचं अगदी छोटं रानमांजर) पिल्लं सापडतात, मुठीएवढी. तोडणी कामगारांना वाटतं बिबट्याची, सगळा फड थांबतो. मग वनखात्याची माणसं आणि आम्ही पिल्लं खोक्यात ठेवून संध्याकाळी त्याच जागी ठेवायचो आणि आई येऊन एकेक उचलून न्यायची. एकदा तर दीड किलोची ती आई आमच्या जीपच्या पुढून, दिव्यात, पिल्लू तोंडात धरून गेली. हे एकदा पाहिल्यावर मला कुत्री सोडण्यात काही गंमत दिसत नाही, सॉरी.

भटकभवानी | शुक्रवार, ९:५५

काटेसावरताई, जीपपुढून गेली त्याचा फोटो आहे का? 😍

काटेसावर | शुक्रवार, १०:०१

नाही. सगळ्यांनी श्वास धरलेला, कॅमेरा काढायचं कुणाला सुचलं नाही.

मॅडिसनचा_म्हाद्या | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

काटेसावर, पिल्लांचा मुद्दा मान्य. पण "संपत चाललंय बिचारं" असा सूर कुणी लावू नये म्हणून सांगतो, २०१० च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बॉबकॅटची संख्या अंदाजे २३ ते ३५ लाख निघाली. १९७० च्या दशकात मोठ्या ठिपकेवाल्या मांजरांच्या कातड्यावर बंधनं आली, मग फरवाल्यांनी बॉबकॅटकडे मोर्चा वळवला, म्हणून १९७७ पासून ते साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि कातडं परदेशी पाठवायला टॅग लागतो. अजूनही भाव पश्चिमेकडच्या थंड कोरड्या भागातल्या मांजरांना, पोट पांढरं, ठिपके ठसठशीत. दक्षिणेतलं कातडं विरळ. म्हणजे धागाकर्त्याचे आजोबा पैशासाठी हे करत नसणार, अकरा कुत्र्यांचं खाणंच कातड्यापेक्षा महाग.

नाईलाजाने_सॅनहोजे | शुक्रवार, ७:१०

आमच्या कॅलिफोर्नियात हे सगळं बंद झालं. बॉबकॅट आणि अस्वलामागे कुत्री सोडायला २०१२ च्या कायद्याने बंदी आली, नंतर २०१५ मध्ये सापळे बंद, २०१९ मध्ये शिकारच थांबवली. वॉशिंग्टन राज्यात तर १९९६ मध्येच लोकांनी मतदान करून कुत्री बंद केली. लोकांना विचारलं की लोक नकोच म्हणतात.

मॅडिसनचा_म्हाद्या | शुक्रवार, ७:१८

लोकांना विचारलं की? कोलोराडोत नोव्हेंबर २०२४ ला विचारलं होतं, पहाडी सिंह (म्हणजे प्यूमा) आणि बॉबकॅट दोन्हींच्या शिकारीवर बंदी घालायची का. साधारण ५५ टक्के लोक नाही म्हणाले.

लंडनचा_पोटमाळा | शुक्रवार, ७:४५

आमच्याकडे २००४ च्या कायद्याने कोल्ह्यामागे कुत्री सोडणं बंद झालं, तरी लाल कोट घालून घोड्यावर बसायची हौस काही गेली नाही, आता म्हणे आधीच ओढून ठेवलेल्या वासामागे जातात. आणि याच मंडळींनी पूर्वी उटीला फॉक्सहाउंड आणून कोल्ह्यांमागे घोडे दामटले होते. साहेब जिथे गेला तिथे कुत्री घेऊन गेला.

देवबागचो_झील | शुक्रवार, रात्री ८:२०

साहेबाक कित्याक दोष देतास? आमच्या आज्याच्या टायमाक शिमग्यात अख्खो गाव पारधीक जाय. हाकारी एका बाजून, बंदूकवाले दुसऱ्या बाजून, मधी गावठी कुत्रे. डुकर मिळालो तर पयलो वाटो देवाचो, मगे बंदूकवाल्याचो, मगे कुत्र्यावाल्याचो. आता बंद, कायदो इलो. पण आजो मरेपर्यंत सांगी, आपलो 'मोत्या' भुंकलो की आवाजावरनं कळायचा समोर डुकर आसा की भेकर.

आत्याबाई_अटलांटा | शुक्रवार, ८:५२

बाकी सगळं राहू दे. @मुक्काम_पोस्ट, तुम्ही एच-वनवर आहात का? असाल तर बंदुकीला हात लावू नका. "धर जरा" म्हणून कोणी हातात दिली तरी नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा इथे केंद्राचा गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे पण तो कागद खिशात नसताना कशाला विषाची परीक्षा. आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला. आणि स्वेटर नको, काट्यांत उसवतो. जाड कॅनव्हासचं काहीतरी.

मुक्काम_पोस्ट_जॉर्जिया | शुक्रवार, ९:१५

आत्याबाई, एच-वनच आहे. धन्यवाद, हे डोक्यातच आलं नव्हतं. हात खिशात घालून जाईन.

काटेसावर, तुमचा प्रतिसाद हिला वाचून दाखवला, ती म्हणाली मी हेच म्हणत होते (म्हणत नव्हती, सर्दीचं म्हणत होती). जातोय मात्र. आजोबांना नाही म्हणणं जमलं नाही.

उगीचच | शुक्रवार, ९:१७

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. नाही आलात तर वर्गणी काढू.

मुक्काम_पोस्ट_जॉर्जिया | रविवार, दुपारी ३:०५

जिवंत आहे. हे गॅरेजमधून लिहितोय, का ते शेवटी सांगतो. मोठं होणार आहे, आधीच सांगतो.

काल सकाळी पाऊस पडून गेला होता. दुपारी आजोबांच्या नातवाने ट्रॅक्टरच्या मागे जुने टायर बांधून रानातले वाळूचे रस्ते ओढून सपाट केले. कशाला? तर जुने ठसे पुसले जावेत, रात्री जे काही ओलांडेल त्याचा ठसा ताजाच असणार. मला हे इतकं आवडलं, आपण सकाळी अंगण झाडून सडा घालतो तसं अख्खं रान झाडून ठेवलेलं.

साडेआठला निघालो. पिकअपच्या मागे खणाखणांची पेटी, त्यात सहा कुत्री, प्रत्येकाच्या गळ्यात अँटेना बाहेर आलेला जीपीएसचा पट्टा. आजोबांनी थर्मास उघडून माझ्यापुढे धरला, मला वाटलं कॉफी, तर आत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या गरम शेंगा! मी जे काही हावरटासारखं खाल्लं ते बघून आजोबा खूश, त्यांना वाटत होतं बाहेरच्या माणसाला हे आवडत नाही. मी सांगितलं आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी हेच असतं, तर विश्वास बसेना त्यांचा.

मग दोन तास नुसतं पायी चालण्याच्या वेगाने गाडी, खिडकीतून मान बाहेर, टॉर्च वाळूवर. हरीण, रॅकून, ससा, कोणाचे कोणाचे ठसे. पावणेअकराला आजोबांनी गाडी थांबवली. खाली उतरून मला जवळ बोलावलं. गोल ठसा, पाचेक सेंटिमीटरचा, चार बोटं, पुढे नखांच्या खुणा नाहीत. कुत्र्याचं नख उमटतं, मांजर नखं आत ठेवून चालतं. एका बाजूला ओल्या वाळूची कड अजून ढासळली नव्हती, म्हणजे ताजा.

सगळी कुत्री एकदम सोडत नाहीत. आधी डॉली नावाची नऊ वर्षांची कुत्री एकटी उतरवली. तिने ठशात नाक घातलं, शेपटी फिरली, आणि ती तशीच दहा मिनिटं न भुंकता इकडून तिकडे. बाकीची पेटीत वेडीपिशी झालेली. मग लांबून एकच लांबलचक आवाज, ऊऊऊऊ असा, शेवटी उतरत जाणारा. आजोबा म्हणाले, "डॉली खोटं बोलत नाही," आणि उरलेली सोडली.

यापुढची शिकार म्हणजे काय, तर गाडीचं इंजिन बंद, टॉर्च बंद आणि तीन माणसं मागच्या फळीवर बसून ऐकताहेत. बस. नातू जीपीएसच्या स्क्रीनवर बघत होता, आजोबांनी एकदाही पाहिलं नाही. काळोखात नुसत्या आवाजावरून सांगत होते, डॉली पुढे, प्रीचर तिच्या मागे, आता तळ्याला वळसा, आता पाण्यात शिरली (आवाज पाण्यावरून वेगळा येतो, खरंच येतो, मला तासाभराने ऐकू यायला लागला). ट्रबल नावाचं एक वर्षाचं पोर आहे, ते वास नसतानाही इतरांचं ऐकून भुंकतं. अशा कुत्र्याला इथे बोलघेवडाच म्हणतात, आणि ती शिवी आहे. देवबागकर, तुमच्या आजोबांची फार आठवण झाली मला तिथे. आमचे बाबा शेजारच्या खोलीतून रेडिओ ऐकून तबल्यावर कोण आहे ते सांगायचे, तसंच आहे हे.

बाराच्या सुमाराला सगळं गप्प. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. वास तुटला. नातू म्हणाला डॉली उलटी चाललीय, आलेल्या वाटेनेच परत, चुकली बहुतेक. आजोबा म्हणाले थांब. आणि मागच्या बाजूने तिचा आवाज आला. मांजर आपल्याच पावलांवरून परत फिरून, एका पडलेल्या खोडावरून चालत जाऊन बाजूला उडी मारून गेलं होतं. पाच कुत्री फसली, म्हातारी नाही फसली.

सव्वाला आवाज बदलला. ती लांब ऊऊऊ जाऊन तुटक, भराभर, दारावर थाप मारल्यासारखं. म्हणजे झाडावर चढलं. रॅकून पटकन चढतं म्हणे, बॉबकॅट चढेल याचा भरवसा नसतो, अर्ध्या रात्री दाट झुडपात गोल गोल फिरवून निघून जातं. मग आम्ही चालत गेलो. अर्धा मैल असेल पण पाऊण तास लागला, गुडघाभर गार पाणी, काटेरी वेल, आत्याबाई तुमचे बूट आणि कॅनव्हास दोन्हीने जीव वाचवला.

झाड ओकचं, दाढीसारखं राखाडी शेवाळ लोंबलेलं. वीस-पंचवीस फुटांवर, फांदीच्या बेचक्यात ते होतं. मला वाटलं होतं मोठं काहीतरी असेल. आमच्या चाळीतल्या बोक्याच्या दुप्पट फार तर. कानामागे पांढरा ठिपका. खाली सहा कुत्री झाडाच्या बुंध्याशी उड्या मारताहेत आणि ते कुत्र्यांकडे बघतच नव्हतं, आमच्या टॉर्चकडे बघत होतं. तोंड उघडं होतं. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं, काटेसावर, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण हे मी विसरू शकत नाहीये.

नातवाच्या खांद्याला बंदूक होती. त्याला मारायचं होतं. आजोबांनी बघितलंसुद्धा नाही त्याच्याकडे, एकेका कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटले, साखळ्या घातल्या आणि चला म्हणाले. दोघांची वाटेत थोडी बाचाबाची झाली. मागच्या थंडीत दोन मारली होती असं नातवाने मला मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं, म्हणजे आजोबा काही संत नाहीत.

आता गॅरेज. परत येताना ट्रबलची साखळी सुटली आणि त्याने झुडपात एक स्कंक गाठला, घाण वासाचा फवारा मारतो तो प्राणी. स्कंकने जे करायचं ते केलं. ट्रबलच्या तोंडावर, आणि ट्रबल धावत आला तो थेट माझ्या मांडीवर. हिने दार उघडलं नाही. दोन वेळा साबणाने अंघोळ केली बाहेरच्या नळाखाली, थंडीत, काही फरक नाही. उपाय सांगा.

उगीचच | रविवार, ३:११

दहा वर्षं ज्याला बोलावलं नाही तो ऑफिसवाला आज किती खूश असेल.

बोलघेवडा | रविवार, ३:२०

माझं सभासद नाव बदलायची प्रक्रिया काय आहे? प्रशासक?

चिंचगुळाची_आमटी | रविवार, ३:२६

😂😂 बोलघेवडा, राहू द्या, शोभतंय. मुक्काम_पोस्ट, टोमॅटोचा रस चोळा, सिनेमात दाखवतात.

नाईलाजाने_सॅनहोजे | रविवार, ३:४०

मला एक कळत नाही. जीपीएसचा पट्टा, टायरने झाडलेले रस्ते, सहा कुत्री, तीन माणसं, एक बंदूक. समोर दहा किलोचं मांजर. आणि मग न मारता परत आलो म्हणून टाळ्या? पळवलंत ना अडीच तास?

मॅडिसनचा_म्हाद्या | रविवार, ४:०५

पट्टा मांजर शोधायला नसतो हो, कुत्रं शोधायला असतो. पट्टे नव्हते तेव्हा हरवलेली कुत्री हायवेवर मरायची. किंवा जिथे सोडलं तिथे मालक आपला कोट टाकून यायचा आणि सकाळी कुत्रं कोटावर झोपलेलं सापडायचं, सापडलं तर. आमच्याकडे लांडगे आहेत, शिकारीत लांडग्यांनी हाउंड मारला तर राज्य सरकार कुत्र्यामागे २,५०० डॉलरपर्यंत भरपाई देतं. त्यावरूनही इथे दरवर्षी भांडणं, की तुम्ही स्वतः लांडग्यांच्या घरात कुत्री सोडता आणि पैसे आमच्या खिशातून.

नाईलाजाने_सॅनहोजे | रविवार, ४:०९

मग तेच तर म्हणतोय.

काटेसावर | रविवार, रात्री ९:३०

मुक्काम_पोस्ट, ते उघडं तोंड लिहिलंत त्याबद्दल आभार. गाळता आलं असतं.

माझं मत बदललं नाही. मांजर धापा टाकतं तेव्हा ते खूप तापलेलं असतं, थंडीतसुद्धा. ते झाडावरून कधी उतरलं, त्या रात्री त्याने काही खाल्लं का, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत नाही. पण त्या आजोबांना खोडावरून चाललेल्या पावलांचं जे कळतं ते आमच्या कॅमेरा ट्रॅपला कळत नाही हेही खरं. त्यांना विचाराल का एक, त्या टायर ओढलेल्या रस्त्यांवर आठवड्याला किती वेगवेगळी मांजरं ओलांडतात? ते नुसत्या ठशावरून नक्की सांगू शकतील असं मला वाटतं.

देवबागचो_झील | रविवार, ९:४१

आज्याची याद काढलास, बरा वाटला. आमचो मोत्या पण एकदा साळींदराच्या मागे गेल्लो. सोळा काटे तोंडात. तुमचो स्कंक बरो म्हणायचो.

मुक्काम_पोस्ट_जॉर्जिया | रविवार, १०:१०

काटेसावर, विचारलं. आत्ताच फोन केला. म्हणाले त्या तीन मैलांच्या रस्त्यावर या थंडीत चार. एक मोठा नर, त्याचा उजवा पुढचा पंजा जरा बाहेर वळतो. एक मादी, तिच्यासोबत एक लहान. आणि एक नवीन, नोव्हेंबरपासून. मी विचारलं काल झाडावर कोण होतं, तर म्हणाले नवीन. मग मी विचारलं मादीच्या ठशावर कुत्री सोडता का. थोडा वेळ गप्प. म्हणाले, "लहान ठसा बाजूला दिसला तर मी गाडी पुढे नेतो. नातू असता तर माहीत नाही."

नाईलाजाने, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पळवलं, हे खरंच आहे. परत बोलावलं तर? ऐकायला जाईन बहुतेक. झाडापर्यंत जाणार नाही, गाडीतच बसेन शेंगा खात. हे ढोंग आहे का माहीत नाही.

टोमॅटोचा रस चोळला. आता स्कंक आणि केचप असा वास येतोय.

आत्याबाई_अटलांटा | रविवार, १०:१८

टोमॅटोने काही होत नाही हो, नाकाला फक्त सवय होते. नीट वाचा आणि तस्संच करा. फार्मसीत मिळतो तो तीन टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण लिटरभर, पाव कप खायचा सोडा, एक चमचा भांडी घासायचा लिक्विड साबण. आयत्या वेळी कालवायचं, उघड्या बादलीत. उरलेलं बाटलीत भरून झाकण लावून ठेवायचं नाही, गॅस धरून बाटली फुटते. पाच मिनिटं अंगावर ठेवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, धुऊन टाका. केसांचा रंग थोडा उतरेल. आजोबांनाही सांगा, ट्रबललाही हेच.

मुक्काम_पोस्ट_जॉर्जिया | रविवार, ११:५०

आत्याबाई, साष्टांग. ऐंशी टक्के गेला. हिने दार उघडलं, सोफ्यापर्यंत परवानगी आहे.

मिशी तांबूस झालीय.

उगीचच | रविवार, ११:५२

फोटो.